आलेखावरून केलेली सफर

अमेरिकेतील 'वॉल स्ट्रीट जर्नल' या वृत्तपत्राने २०१५ सालच्या एप्रिल महिन्यात आपल्या वाचकांपुढे एक नवलाची वस्तू ठेवली. तिला लेख म्हणावे तर तिच्यात मजकूर थोडका. चित्र म्हणावे तर ती चौकटीत मावेना. आणि खेळ म्हणावे तर विषय शेअर बाजाराचा, म्हणजे ज्यात कित्येकांच्या आयुष्याची पुंजी गुंतलेली असते त्याचा. रॉजर केनी आणि ॲना ॲस्नेस बेकर यांनी सिद्ध केलेली ही कृती म्हणजे नॅसडॅक बाजाराच्या एकवीस वर्षांच्या आकडेवारीतून घडविलेली 'आभासी वास्तवा'तील सफर होय. आलेखाची वरखाली होणारी रेषा आपण कागदावर पाहतो. येथे त्या रेषेचाच मार्ग केलेला आहे, आणि वाचक त्या मार्गावरून १९९४ पासून २०१५ पर्यंतचा प्रवास करतो. नॅसडॅकचा पुन्हा एकदा फुगा झाला आहे काय, असा प्रश्न शीर्षकातच विचारलेला असून त्याखाली ही 'मार्गदर्शित सफर' असल्याचेही प्रांजळपणे नमूद केले आहे.

इतक्या वर्षांनी या कृतीकडे वळण्यास कारण आहे. आकडेवारीच्या आत शिरून ती पाहावी, ही कल्पना तेव्हा वृत्तपत्रीय हौसेची होती. ती आता धंद्याची आणि विद्येची झाली आहे. २०१६ साली ऑक्युलसचा हेडसेट सामान्य ग्राहकाच्या हाती आला, २०२४ च्या फेब्रुवारीत ॲपलने आपला आणला, आणि दरम्यान २०१८ साली या विषयावर विद्वानांचा एक भारदस्त ग्रंथही प्रसिद्ध झाला. अशा वेळी नव्या, दिपवणाऱ्या नमुन्यांपेक्षा जुना, साधा आणि सद्‌हेतूने केलेला नमुना तपासणे बरे. कारण त्यातले गुणदोष सजावटीखाली झाकले गेलेले नाहीत.

मी ही सफर केली ती त्याच वर्षीच्या दिवाळीत, बडोद्यास माझ्या पुतण्याच्या घरी. त्याने पुठ्ठ्याच्या घडीच्या पेटीत आपला मोबाइल बसवला आणि ती पेटी माझ्या डोळ्यांना लावली. एकोणिसाव्या शतकात घरोघरी स्टिरिओस्कोप असे, त्याचीच ही पणती म्हणायची: दोन डोळ्यांना दोन किंचित भिन्न चित्रे, आणि मेंदूने त्यांतून उभी केलेली खोली. मार्ग चढू लागला. १९९९ च्या सुमारास चढ असा काही उभा झाला की मी नकळत खुर्चीचे हात धरले. "काका, खाली बघू नका, समोर बघा," असे पुतण्या म्हणतो न म्हणतो तोच शिखर आले, आणि मग जे कोसळणे झाले त्याने पोटात खड्डा पडला. जत्रेतल्या उंच पाळण्यात लहानपणी जे झाले होते तेच हे. पेटी उतरवल्यावर घरातली मंडळी हसली, मीही हसलो.

मग त्याने स्वतः एकदा सफर केली, आणि पेटी टेबलावर ठेवून विचारले, "काका, मी फंडातले पैसे काढून घ्यावेत का?" त्याचा फंड मुंबईच्या बाजारातला, नॅसडॅकशी त्याचे नाते असलेच तर दूरचे. मी वकिलाच्या सवयीने उलटतपासणी केली. शिखरावर आकडा किती होता? आठवेना. तो कशाचा आकडा होता? "बाजाराचा," म्हणाला. शेवटी आपण उतरलो ते ठिकाण सुरुवातीच्या ठिकाणापेक्षा उंच होते की सखल? तो विचारात पडला. आणि न्यायाने सांगायचे तर या तीन प्रश्नांपैकी दोहोंची उत्तरे मलाही देता आली नसती.

आता हा दोष दोघा कर्त्यांच्या माथी एकदम मारणे अन्यायाचे होईल, कारण त्यांनी एक निवड फार विवेकाने केली होती. नॅसडॅकचा निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर बंद झाला, आणि ९ ऑक्टोबर २००२ पर्यंत तो १,११४ वर आला. म्हणजे सुमारे ७८ टक्के मूल्य नाहीसे झाले. पुढे २०१५ च्या मार्चमध्ये त्याने पुन्हा पाच हजारांचा टप्पा ओलांडला. केवळ निर्देशांकाची रेषा काढली असती तर दोन सारखी शिखरे दिसली असती, आणि दुसऱ्या शिखरापुढे दुसरी दरी असणारच, असे वाचकाने गृहीत धरले असते. कर्त्यांनी तसे केले नाही. त्यांनी किंमत आणि मिळकत यांचे गुणोत्तर घेतले: कंपनीच्या एका डॉलर मिळकतीसाठी लोक किती डॉलर मोजण्यास तयार आहेत, ते सांगणारे. या मापाने २००० सालचे शिखर प्रचंड ठरते आणि २०१५ ची पातळी त्याच्या पुष्कळ खाली राहते. भावनेला चुचकारणारा आकडा हाताशी असताना विचाराला उपयोगी पडणारा आकडा त्यांनी उचलला, हे त्यांचे श्रेय आहे. २०२० च्या जूनमध्ये निर्देशांक दहा हजारांच्या पलीकडे गेला, तेव्हा २०१५ ची भीती निदान त्या घटकेपुरती अनाठायी होती, हेही उघड झाले.

पण निवड विवेकाची आणि माध्यम आवेगाचे, असा येथे विसंवाद झाला आहे. गुणोत्तर ही काही उंची नव्हे. ते दोन कारणांनी उतरते. समजा, शंभर डॉलरचा शेअर आहे आणि त्यावर मिळकत चार डॉलर. गुणोत्तर पंचवीस झाले. उद्या शेअर ऐंशीवर आला आणि मिळकत तीच राहिली तर गुणोत्तर वीस होते. धारकाचे वीस डॉलर गेले. याउलट शेअर शंभरावरच राहिला आणि मिळकत चाराची पाच झाली, तरीही गुणोत्तर वीसच होते. येथे कोणाचे काही गेले नाही, धंद्याची भरभराट मात्र झाली. कागदावरच्या आलेखात या दोन घटना सारख्याच दिसतात हे खरे. परंतु कागदावर रेषा उतरली म्हणून वाचकाच्या पोटात काही होत नाही, आणि म्हणून तो थांबून विचारू शकतो की, हे उतरणे कोणत्या जातीचे? सफरीत हा प्रश्न विचारण्यापूर्वीच शरीराने निकाल दिलेला असतो. शरीराला उतरण्याची एकच जात ठाऊक आहे: पडणे. आणि पडणे म्हणजे अनर्थ, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. माझ्या पुतण्याला फंड आठवला तो या निकालाच्या जोरावर. त्याने जे पाहिले त्याचा अर्थ त्याच्या कानांतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाने लावला होता.

याहून गंभीर आक्षेप तुलनेचा आहे. आलेख हे मुळात तुलनेचे साधन आहे. १७८६ साली विल्यम प्लेफेअरने इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे रेषांनी दाखविले तेव्हा त्याचा हेतू हाच होता की, कोष्टकांच्या रानात हरवलेली दोन वर्षे एका दृष्टिक्षेपात शेजारी शेजारी यावीत. पुढे १९८४ साली विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅगिल या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिले की, माणसाचा डोळा कोणत्या प्रकारची तुलना अचूक करतो. एकाच मापपट्टीवरील दोन बिंदूंची स्थिती ताडण्यात तो सर्वांत पटाईत ठरला. लांबी आणि कोन त्याच्या खाली. घनफळ आणि रंगछटा यांना तर त्यांनी क्रमात बरेच मागचे स्थान दिले. आभासी जगात शिरल्यावर काय होते पाहा. जवळची टेकडी मोठी दिसते, दूरची लहान. एक दुसरीला झाकते. मापपट्टी एक तर दिसेनाशी होते किंवा तिरपी दिसते. ज्या कामात डोळा पटाईत तेच काम त्याच्याकडून काढून घेतले जाते आणि ज्यात तो कच्चा ते सोपविले जाते. सफरीत तर याहून विशेष घडते. २००० सालावर आपण उभे असतो तेव्हा २०१५ धूसर असते, आणि २०१५ ला पोहोचतो तेव्हा २००० पाठीमागे गेलेले असते. मान वळवून मागे पाहावे तर पुढचे सुटते. तुलना करावयाची ती आठवणीशी, आणि आठवण तर पोटातल्या खड्ड्याने आधीच रंगलेली. शीर्षकातला प्रश्न तुलनेचा आहे, २०१५ हे २००० सारखे आहे काय. आणि नेमके तेच पाहण्याची सोय या प्रवासात नाही.

कोणी म्हणेल, सपाट आलेखाने मनाला काही होत नाही, म्हणूनच हा खटाटोप. हे मला मान्य नाही. १८६९ साली शार्ल मिनार या वृद्ध फ्रेंच अभियंत्याने नेपोलियनच्या १८१२ सालच्या रशियावरील स्वारीचा एक नकाशा काढला. नीमेन नदी ओलांडताना ४,२२,००० माणसे, म्हणून एक रुंद पट्टा. मॉस्कोकडे जाता जाता तो अरुंद होत जातो. आणि परतीचा काळा पट्टा थंडीच्या अंशांखालून क्षीण होत होत पुन्हा त्याच नदीशी येतो तेव्हा १०,००० माणसांची एक बारीक रेघ उरलेली असते. जाणारा रुंद पट्टा आणि येणारी ती रेघ कागदावर एकमेकींच्या शेजारी पडली आहेत. पाहणाऱ्याला बर्फात नेलेले नाही, तोफांचा आवाज ऐकवलेला नाही; तरी ज्याने तो नकाशा नीट पाहिला आहे त्याला पुन्हा तो शांत चित्ताने पाहता येत नाही. ही जी कालवाकालव होते ती तुलनेतूनच होते. या स्वारीची आभासी सफर कोणी उद्या काढलीच, तर सैनिकाबरोबर चालताना आपल्याला पुढच्या माणसाची पाठ दिसेल. चार लाखांचे दहा हजार झाले हे मात्र दिसणार नाही.

एवढे म्हटल्यावर, या माध्यमाचा मी शत्रू आहे असा समज होऊ नये. त्याचा जन्मच मुळी आकडेवारीच्या कुशीत झाला आहे. आयव्हन सदरलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६५ साली एका छोट्या निबंधात अशा पडद्याची कल्पना मांडली की, ज्यातून माणसाला गणिताच्या, प्रत्यक्षात कधीही न अनुभवता येणाऱ्या जगाशी परिचय करून घेता यावा. १९६८ साली त्याने डोक्यावर बसविण्याचे यंत्र करून दाखविले. डोके कोठे वळले ते मोजण्यासाठी छतापासून एक लोखंडी दांडा खाली येई, आणि त्याच्या धास्तीमुळे त्याला केसाने टांगलेल्या तलवारीच्या ग्रीक कथेतले नाव पडले. त्या यंत्रातून ज्या वस्तू दाखविल्या गेल्या त्यांत सायक्लोहेक्झेन या द्रव्याचा एक रेणू होता. ही निवड मला फार सूचक वाटते. रेणूला लांबी, रुंदी आणि उंची खरोखरच असतात. त्याच्या भोवती फिरून पाहणे म्हणजे त्याचे जे आहे तेच पाहणे.

तीच गोष्ट १९९० नंतर नासाच्या एम्स संशोधन केंद्रात स्टीव्ह ब्रायसन आणि क्रिऑन लेव्हिट यांनी केलेल्या 'आभासी वायुबोगद्या'ची. विमानाभोवती हवा कशी वाहते याचे गणित संगणकाने केलेले असते. संशोधक हातमोजा घालून त्या गणितात हात घालतो आणि जेथे बोट ठेवील तेथून वाऱ्याची रेषा निघून पंखाभोवती वळसा घेते. खऱ्या बोगद्यात मध्ये हात घातला तर प्रवाहच बिघडेल. येथे बिघडत नाही. हा लाभ अस्सल आहे, आणि तो सपाट कागदावर मिळणारा नाही, कारण वारा कागदावर वाहत नसतो. १९९२ साली शिकागोत क्रूझ-नीरा, सँडिन आणि डीफँटी यांनी भिंतींवर चित्रे पाडून जी खोली उभारली, जिच्यात चार माणसे एकत्र उभी राहून रेणूच्या किंवा वादळाच्या आत शिरू शकत, तिचेही असेच. तिला 'केव्ह', म्हणजे गुहा, असे नाव देताना प्लेटोच्या गुहेचे स्मरण कर्त्यांच्या मनात होते. ज्या गुहेतले बंदिवान सावल्यांनाच सत्य समजत, तिचे नाव आपल्या यंत्राला देणाऱ्यांची विनोदबुद्धी की बेफिकिरी, हे मी रसिकांवर सोपवतो.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. तिसरी मिती वस्तूची स्वतःची आहे की तिला उसनी दिलेली आहे, हे पाहावे. रेणूची, वाऱ्याची, शस्त्रक्रियेपूर्वीच्या हृदयाची ती स्वतःची असते. बाजाराच्या गुणोत्तराला तारीख आणि आकडा या दोनच मित्या. तिसरी, आणि तिच्याबरोबर येणारी उंची, घसरण, कडा, हे सारे उसने. आणि उसने आणलेल्या वस्तूबरोबर तिचे अर्थही घरात येतात.

या कसोटीला माझ्या व्यवसायाचा आधार आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशातील अठराव्या नियमाने न्यायालयाला वादातील मिळकत स्वतः जाऊन पाहण्याचा अधिकार दिला आहे. एका वहिवाटीच्या दाव्यात मी अशा पाहणीस हजर होतो. वाद पाणंदीचा: तिच्यावरून भरलेली बैलगाडी जाऊ शकते की नाही. कोर्ट-कमिशनरचा नकाशा, तलाठ्याचे उतारे, दोन्ही बाजूंचे साक्षीदार, सारे झाले होते. पण न्यायाधीश महाशय पायांनी ती पाणंद चालून गेले, वळणावर थांबले, आणि जे कागदावरून महिनाभर कळले नव्हते ते त्यांना तेथे दहा मिनिटांत कळले. त्याच दाव्यात दुसरा मुद्दा होता की, प्रतिवादीने किती गुंठे दाबले. त्याच जागेवर त्याच न्यायाधीशांनी चहूकडे पाहिले आणि नकाशा मागितला. बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाला गुंठे दिसत नाहीत. आणि कायदाही असेच मानतो की, पाहणी करावयाची ती पुरावा समजून घेण्यासाठी, पुराव्याच्या जागी बसविण्यासाठी नाही. कारण जागेवर न्यायाधीशाच्या मनावर जे उमटले त्याची उलटतपासणी करण्याची सोय कोणत्याच पक्षाला नसते.

आभासी वास्तवाने ही पाहणी काळाच्याही पलीकडे नेली आहे, आणि जर्मनीत तिचा एक असा उपयोग झाला की ज्यापुढे माझ्यासारख्या संशयी माणसानेही मान लववावी. बव्हेरियाच्या गुन्हे अन्वेषण खात्याने ऑश्विट्झच्या छळछावणीचे प्रतिरूप तयार केले: उरलेल्या इमारतींची लेसरने मापे घेऊन, जुने आराखडे आणि तत्कालीन छायाचित्रे ताडून. माजी पहारेकऱ्यांचा नेहमीचा बचाव असे की, छावणीत काय चालले होते ते आम्हाला दिसलेच नाही. आता तपास करणारा हेडसेट घालून टेहळणीच्या मनोऱ्यावर चढू शकतो आणि तेथून काय दिसत होते ते पाहू शकतो. मध्ये झाड आले असते काय हे कळावे म्हणून झाडेसुद्धा जेथल्या तेथे उभी केली आहेत. रायनहोल्ड हानिंग या पहारेकऱ्याच्या खटल्यात या प्रतिरूपाचा उपयोग झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. डेटमोल्ड येथील न्यायालयाने जून २०१६ मध्ये त्याला किमान १,७०,००० हत्यांत साहाय्य केल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा सुनावली. अपिलाचा निकाल होण्यापूर्वीच २०१७ साली तो मरण पावला. येथे न्यायालयापुढचा प्रश्नच 'त्या जागेवरून काय दिसते' असा होता. अशा प्रश्नाला जागेवर उभे राहण्याइतके नेमके उत्तर दुसरे नाही. पण किती माणसे मारली गेली, हे त्या मनोऱ्यावरून कोणालाही मोजता आले नसते. त्यासाठी नोंदी आणि बेरजाच लागल्या.

नॅसडॅकच्या सफरीकडे परत येतो. तिच्यात सुधारणा सुचवावयाची झाली तर ती यंत्राची नाही, रचनेची आहे. प्रवाशाला वाटेत दोन-तीन ठिकाणी उतरू द्यावे. उतरल्यावर त्याला इतके दूर नेऊन उभे करावे की एकवीस वर्षांचा सगळा मार्ग एका बाजूने, एका मापपट्टीवर, नेहमीच्या आलेखासारखा दिसेल. शिखरापाशी आणि शेवटी आकडा ठळक लिहावा. आणि जेथे गुणोत्तर उतरले आहे तेथे ते किमतीने उतरले की मिळकतीने, हे मार्गाच्या दोन निरनिराळ्या रंगांनी सांगावे. एवढे केल्यावर चढउताराची मौज कमी होईल, हे मला मान्य आहे.

पुतण्याला मी त्या दिवशी सल्ला दिला नाही. फंडाचा सल्ला देणे हे माझे काम नव्हे. त्याने संगणकावर साधा आलेख शोधून कागदावर छापून घेतला, आणि मुलाच्या दप्तरातली फूटपट्टी आणून २००० च्या शिखरापासून २०१५ पर्यंत आडवी धरली. पट्टी आणि रेषा यांच्यामध्ये चार बोटे रिकामी जागा राहिली होती. "अरे, हे तर दिसलेच नव्हते," असे म्हणून त्याने ती जागा पेन्सिलीने भरली आणि कागद फंडाच्या फाइलीत लावून ठेवला.